परक्या संगणकावर आपले खाते

दक्षिण दिल्लीत आय.एन.ए. बाजार, दिल्ली हाट आणि सरोजिनी नगर यांच्या परिसरात लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे. काशीला मराठी घराण्यात जन्मलेल्या झाशीच्या राणीचे नाव या वसाहतीला लाभले आहे, ही गोष्ट तेथे बदलीवर येणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांना सुखावणारी. सरकारी वसाहतीतील बिऱ्हाड मुळातच तात्पुरते. बदलीचा आदेश आला की सामान बांधले जाते, मुलांच्या शाळा बदलतात. बँकेचा संसार मात्र इतक्या सहजी हलत नाही. पगाराचे खाते दिल्लीत, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे खाते गावाकडच्या शाखेत, मुलीच्या शिक्षणासाठीची मुदत ठेव पुण्यात किंवा नागपुरात, अशी विभागणी वर्षानुवर्षे चालू राहते. इंटरनेट बँकिंगने ही सारी खाती एका पडद्यावर आणली. ज्यांची खाती दोन-तीन गावांत विखुरलेली आहेत, अशा कुटुंबांना या सुविधेचा लाभ सर्वाधिक झाला आणि तिच्यातील धोकाही त्यांच्याच वाट्याला अधिक आला.

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्यानंतरची काही वर्षे घरी संगणक, मोडेम आणि दूरध्वनीची जोडणी ठेवणे नोकरदार कुटुंबाला परवडणारे नव्हते. त्यामुळे तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने देणारे सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले. निकाल पाहणे, नोकरीचा अर्ज भरणे, परदेशातील नातेवाइकांना ई-मेल पाठवणे ही कामे तेथे होत. २००२ मध्ये रेल्वेचे आरक्षण इंटरनेटवरून मिळू लागले, तेव्हा झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने सुट्टीत गावी निघणाऱ्या कुटुंबांची त्यात भर पडली. तिकिटाचे पैसे भरायचे म्हणजे बँकेचे खाते किंवा कार्ड आलेच. अशा रीतीने बँकेचा व्यवहार शाखेच्या चार भिंतींतून निघून, ज्याचा मालक कोण हेही ग्राहकाला ठाऊक नाही, अशा यंत्रावर जाऊन बसला.

आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला आणि सायबर कॅफेची संख्या रोडावली. तरी परका संगणक व्यवहारातून गेलेला नाही. छायाप्रतीच्या दुकानातील संगणक, अर्ज भरून देणारी सेवा केंद्रे, ग्रंथालयातील किंवा वसतिगृहातील सामायिक यंत्र, हॉटेलच्या स्वागतकक्षाशेजारी पाहुण्यांसाठी ठेवलेला संगणक, कार्यालयात तिघांनी मिळून वापरायचे एकच टेबल, हे सर्व त्याचेच प्रकार होत. व्हिसासाठी सहा महिन्यांचे खातेउतारे हवेत, शाळेत उत्पन्नाचा पुरावा द्यायचा आहे, घरी प्रिंटर नाही. मग पावले आपोआप दुकानाकडे वळतात.

खिडकी मिटली म्हणजे खाते मिटले का?

परक्या संगणकावर सर्वांत जास्त होणारी चूक अगदी साधी आहे. ग्राहक काम संपल्यावर कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारतो, पडद्यावरून बँकेचे पान नाहीसे होते आणि तो पैसे देऊन निघून जातो. खाते बंद झाले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात काय घडते, हे समजण्यासाठी बँकेतील जुन्या पितळी बिल्ल्याची आठवण उपयोगी पडेल. पूर्वी पैसे काढण्याचा धनादेश दिला की कारकून क्रमांक कोरलेला बिल्ला हाती देत असे. रोखपालाच्या खिडकीशी नाव पुकारले जात नसे, क्रमांक पुकारला जाई आणि ज्याच्या हाती बिल्ला, त्याला रक्कम मिळे.

इंटरनेट बँकिंगमध्येही ग्राहकाने नाव व पासवर्ड देऊन प्रवेश केला की बँकेचा मध्यवर्ती संगणक त्याच्या ब्राउझरला असाच एक अदृश्य बिल्ला देतो. पुढच्या प्रत्येक पानावर पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही, तो या बिल्ल्यामुळेच. ‘लॉग आउट’ केले म्हणजे बिल्ला खिडकीवर परत दिला. बँक तो तत्काळ रद्द करते. फुलीवर टिचकी मारणे म्हणजे बिल्ला बाकावर तसाच टाकून घरी जाणे. बरेचदा ब्राउझर पूर्ण बंद केल्यावर तो नष्ट होतो, परंतु एकाच ब्राउझरमध्ये दुसरे पान उघडे राहिले असेल, किंवा मागील पाने आपोआप पुन्हा उघडण्याची सोय चालू ठेवलेली असेल, तर तो जिवंत राहू शकतो. काही मिनिटे हालचाल झाली नाही की बँक स्वतःहून प्रवेश संपवते, हे खरे. पण पुढचा गिऱ्हाईक खुर्ची रिकामी होण्याची वाटच पाहत उभा असतो. त्याला तेवढी मिनिटे पुरतात.

वीज जाणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार. काम अर्धवट असताना संगणक बंद पडतो, ग्राहक कंटाळून उठतो आणि वीज आल्यावर यंत्र मागील पाने पुन्हा उघडू पाहते. अशा वेळी थोडा वेळ थांबून, संगणक सुरू झाल्यावर रीतसर बाहेर पडून मगच निघावे. थांबणे शक्यच नसेल, तर घरी पोहोचताच आपल्या मोबाइलवरून पासवर्ड बदलावा.

बिल्ल्याखेरीज संगणक आणखीही बरेच काही जपून ठेवतो. भेट दिलेल्या पानांची यादी, रकान्यांत भरलेली नावे, खाते क्रमांक, पत्ते आणि ‘पासवर्ड जतन करायचा का’ या प्रश्नाला घाईत दिलेला होकार. हा प्रश्न घरच्या संगणकासाठी योजलेला आहे. दुकानातील संगणकावर त्याला होकार देणे म्हणजे किल्ली कुलपालाच अडकवून जाणे होय. खासगी खिडकीतून काम केले तर ती बंद करताच ही यादी, बिल्ले आणि भरलेली माहिती त्या यंत्रावरून पुसली जाते. परक्या संगणकावर ही सवय अवश्य लावून घ्यावी. ‘खासगी’ या शब्दाने मात्र फसू नये. ती खिडकी मागे राहणाऱ्या खुणा पुसते. काम चालू असताना कोणी पाहत असेल, तर त्याला अडवण्याची शक्ती तिच्यात नाही.

उतरवून घेतलेले खातेउतारेही तिने पुसले जात नाहीत. पीडीएफ स्वरूपातील उतारा संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ कप्प्यात पडून राहतो. छापून झाल्यावर तो काढून टाकावा लागतो आणि त्यानंतर कचऱ्याची टोपलीही रिकामी करावी लागते. एखाद्या दुकानातील संगणकाचा हा कप्पा सहज उघडून पाहिला, तर किती लोकांचे पगारपत्रक, किती लोकांची ओळखपत्रे आणि किती लोकांचे उतारे तेथे नावानिशी साठलेले दिसतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

कळफलकामागचा टिपणीस

येथवरचे धोके ग्राहकाच्या विस्मरणातून उद्भवतात आणि सवयीने टाळता येतात. यापुढचा धोका वेगळ्या जातीचा आहे. कळफलकावरील प्रत्येक कळ नोंदवून ठेवणारी आज्ञावली संगणकात गुपचूप बसवता येते. तिला ‘कीलॉगर’ म्हणतात. ग्राहकाने बँकेचा पत्ता टंकला, नाव टंकले, पासवर्ड टंकला, की हे सारे एका नोंदवहीत उतरते आणि बसवणाऱ्याकडे रवाना होते. पडद्यावर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, ते शेजाऱ्याच्या नजरेसाठी. कीलॉगरला ठिपक्यांशी कर्तव्य नसते. काही वेळा आज्ञावलीऐवजी कळफलकाची तार आणि संगणक यांच्यामध्ये अंगठ्याएवढे उपकरण जोडलेले असते. तार टेबलामागे गेलेली असल्याने ते सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

या प्रकाराचे एक ठळक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये घडले. छायाप्रती आणि संगणकसेवा देणाऱ्या एका प्रसिद्ध दुकानमालिकेच्या मॅनहॅटनमधील डझनाहून अधिक शाखांतील सार्वजनिक संगणकांवर एका तरुणाने कीलॉगर बसवले. २००१ ते २००२ अशी सुमारे दोन वर्षे ते चालू होते. त्या काळात साडेचारशेहून अधिक नावे आणि पासवर्ड त्याच्या हाती लागले. त्यांच्या आधारे त्याने इतरांच्या बँक खात्यांत शिरकाव केला. २००३ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तो त्या दुकानांचा नोकर नव्हता. पैसे देऊन संगणक वापरणारा एक गिऱ्हाईकच होता. दुकानदार सचोटीचा आहे, ओळखीचा आहे, गाववाला आहे, एवढ्याने संगणक निर्धोक ठरत नाही, तो यामुळे. सकाळपासून त्या खुर्चीवर कोण कोण बसून गेले, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

बँकांनी यावर पडद्यावरील कळफलकाचा उपाय काढला. अक्षरे माऊसने निवडायची असल्याने कळांची नोंद होत नाही. काही संकेतस्थळांवर अक्षरांची जागाही दरवेळी बदलते. साध्या कीलॉगरपुरता हा उपाय चांगला आहे. मात्र टिचकीसरशी पडद्याचे छायाचित्र घेणारे कीलॉगर पुढे आले आणि भरलेला पासवर्ड ब्राउझरमधूनच उचलणारे प्रकारही आले. त्यांच्यापुढे पडद्यावरील कळफलक लंगडा पडतो. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या खुणेबद्दलही असाच गैरसमज आढळतो. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की संगणकापासून त्या संकेतस्थळापर्यंतच्या वाटेवर माहिती सांकेतिक रूपात जाते. वाटेवरचा चोर अडतो. जो घरात लपून बसला आहे, त्याला कुलूप काय करणार? शिवाय कुलूप बनावट संकेतस्थळालाही मिळू शकते. पत्ता खरा आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगण्यात आले होते. हा पत्ता केवळ बँकांनाच मिळतो, म्हणून पत्त्याचे शेपूट पाहण्याची सवय उपयोगाची ठरेल. शोधयंत्रात बँकेचे नाव टाकून येणाऱ्या पहिल्या दुव्यावर टिचकी मारणे मात्र कोणत्याही संगणकावर टाळावे.

ग्राहकाने स्वतःच्या मनाशी एक गोष्ट स्वच्छ ठेवावी. परका संगणक निर्धोक आहे की नाही, हे समोर बसून ओळखण्याचे कोणतेही साधन सामान्य माणसापाशी नाही. विषाणुरोधक चालू असल्याचे चिन्ह दिसले, यंत्र नवे कोरे दिसले, तरी त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणूनच खात्याचा पासवर्ड अशा यंत्रावर टंकूच नये, हा पहिला आणि खरा उपाय. शिल्लक पाहायची असेल तर ती स्वतःच्या मोबाइलवर पाहावी. उतारा मोबाइलवर उतरवून फक्त ती एक फाइल छापण्यास द्यावी. पासबुक छापून घेण्याचे यंत्र अनेक शाखांत असते. साठीच्या पुढील ग्राहकांना ते अधिक सोयीचे वाटते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते उत्तम. अगदीच निरुपाय झाला आणि पासवर्ड टंकावा लागला, तर तो पासवर्ड त्या क्षणी जुना झाला असे समजावे आणि त्याच दिवशी आपल्या विश्वासाच्या यंत्रावरून बदलावा. त्याच दुकानातील दुसऱ्या संगणकावरून बदलण्यात काही अर्थ नाही. बँकेच्या पानावर ‘मागील प्रवेश’ असा दिनांक व वेळ दिलेली असते. बहुतेक ग्राहक तिच्याकडे पाहतही नाहीत. ती वेळ आपली नसेल, तर कोणी दुसरे आत येऊन गेले, हे कळण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पैसे शाबूत, माहिती गेली

पासवर्ड गेला तरी मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या सांकेतिक क्रमांकाशिवाय, म्हणजे ओटीपीशिवाय, पैसे हलत नाहीत, असा दिलासा अनेकांना वाटतो आणि तो निराधार नाही. प्रत्यक्ष कार्ड न दाखवता होणाऱ्या व्यवहारांसाठी दुसऱ्या टप्प्याची खातरजमा रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून आवश्यक केली, तेव्हापासून केवळ चोरलेल्या पासवर्डवर पैसे उडवणे कठीण झाले. ओटीपीचे बळ त्याच्या अल्पायुष्यात आहे. कीलॉगरने तो टिपला तरी काही मिनिटांनी तो निरुपयोगी होतो.

तथापि, ज्या खात्यात केवळ पासवर्डावर प्रवेश मिळतो, तेथे पैसे न हलवताही बरेच काही पाहता येते. निवृत्तिवेतन कोणत्या तारखेला आणि किती जमा होते, मुदत ठेव कधी परिपक्व होणार आहे, औषधाच्या दुकानात दरमहा किती जातात, मुलाला कोणत्या शहरात पैसे पाठवले जातात. हे सारे ठाऊक असलेला माणूस उद्या दूरध्वनी करतो आणि म्हणतो, ‘काका, या महिन्याचे पेन्शन इतके जमा झाले, बरोबर ना? तुमची ठेव अमुक तारखेला संपते, तिच्या नूतनीकरणासाठी एक क्रमांक आला असेल.’ एवढी अचूक माहिती बँकेखेरीज कोणाला असणार, असे काकांना वाटते आणि ते ओटीपी सांगून मोकळे होतात. पासवर्ड चोरणाऱ्याला जे कुलूप उघडता आले नाही, ते खातेदार स्वतः उघडून देतो. अलीकडे ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने पोलिस असल्याची बतावणी करून घाबरवण्याचे जे प्रकार घडतात, त्यांतही समोरच्याला आपल्याविषयी इतके कसे ठाऊक, या धक्क्यानेच माणूस अर्धा हरतो. दूरध्वनीवरून किंवा दृश्यसंभाषणावरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. आणि बँकेचा कोणताही कर्मचारी ओटीपी विचारत नाही. तो विचारणारा गोड बोलतो की दरडावून, याला महत्त्व नाही.

बदलीच्या नोकरीत ओटीपीच्या बाबतीत एक खास अडचण उद्भवते. खाते उघडताना दिलेला मोबाइल क्रमांक गावाकडचा असतो. दिल्लीत नवा क्रमांक घेतला जातो, जुना हळूहळू वापरातून जातो. फार दिवस न वापरलेला क्रमांक दूरसंचार कंपनी बंद करते आणि बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँकेच्या दप्तरी तोच जुना क्रमांक राहिला, तर खात्याचे संदेश आणि ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडू लागतात. वडिलांच्या खात्याला जोडलेला क्रमांक नेमका कोणता आहे आणि तो कोणाच्या कपाटात पडून आहे, याची चौकशी पुढच्या गावभेटीत अवश्य करावी.

साडेचार फुटांची भिंत

सार्वजनिक संगणकांविषयी आपल्या देशात नियम झाले, ते कसे आणि कशासाठी झाले, हे पाहिले तर एक मजेशीर विसंगती ध्यानात येते. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सायबर कॅफेमध्ये अल्पवयीन मुलांना अश्लील मजकुरापासून कसे वाचवावे, याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचा अहवाल २००२ च्या आरंभी आला. वापरणाऱ्यांची ओळख पटवावी, मुलांना आडोशाच्या कप्प्यांत न बसवता खुल्या जागेत बसवावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरचे प्रकरण उघडकीस आले. परदेशी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांशी बोलता बोलता काही कर्मचाऱ्यांनी त्यांचे सांकेतिक क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर अन्य खात्यांत वळवले. कामाच्या जागी कागद-पेन्सिल नेण्यास मज्जाव असल्याने हे क्रमांक पाठ करून बाहेर नेले गेले आणि सायबर कॅफेतून ती खाती उघडली गेली, असे त्या प्रकरणाच्या वृत्तांतांत नमूद आहे. परका संगणक चोरालाही का प्रिय असतो, याचा उलगडा येथे होतो. तेथे त्याचे नाव उरत नाही.

या पार्श्वभूमीवर ११ एप्रिल २०११ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली सायबर कॅफेसाठी नियम जारी केले. गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहावे, त्याची नोंद वर्षभर ठेवावी, कोणती संकेतस्थळे पाहिली गेली याचीही नोंद वर्षभर ठेवावी, कप्प्यांच्या भिंती जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसाव्यात आणि कप्प्यांबाहेरील संगणकांचे पडदे दुकानातील खुल्या जागेकडे तोंड करून असावेत, असे त्यांत सांगितले आहे. गैरकृत्य करणाऱ्याला आडोसा मिळू नये, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. पण ज्या पडद्यावर कोणी गैरकृत्य लपवू शकत नाही, त्याच पडद्यावर प्रामाणिक खातेदारालाही आपली शिल्लक लपवता येत नाही. भिंत साडेचार फुटांची आणि मागे उभा असलेला माणूस साडेपाच फुटांचा. कोण बसले होते हे नियमांनी टिपून ठेवले. बसलेल्याने काय टंकले, ते जपण्याचे काम बव्हंशी त्याच्यावरच सोपवले. विषाणुरोधक वा गाळणीची आज्ञावली बसवण्याची अपेक्षा नियमांत आहे, तरी ती मुख्यतः नको त्या संकेतस्थळांच्या संदर्भात.

यात एक गोष्ट ग्राहकाच्या फायद्याचीही आहे. आपल्या नावाची व वेळेची नोंद दुकानाच्या वहीत असेल, तर पुढे तक्रारीच्या वेळी आपण अमुक वेळी तेथे होतो आणि अमुक वेळी उठलो, हे दाखवता येते. म्हणून ओळखपत्र मागणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालू नये. ओळखपत्राची छायाप्रत द्यावी लागली, तर तिच्यावर दिनांक व प्रयोजन लिहून द्यावे.

छायाप्रतीचे दुकान

आजच्या घडीला खात्याची गोपनीयता सर्वाधिक गळते, ती बहुधा बँकेच्या पानावरून नव्हे, छपाईच्या टेबलावरून. दुकानदार आपला व्हॉट्सअॅप क्रमांक सांगतो, ग्राहक आधार, पॅन, पगारपत्रक आणि खातेउतारा त्यावर पाठवतो, कागद हाती पडतात आणि दोघेही ती देवघेव विसरतात. फाइली मात्र दुकानाच्या मोबाइलमध्ये आणि संगणकात तशाच राहतात. दुकानदाराचा हेतू कितीही शुद्ध असो, उद्या तो संगणक भंगारात गेला किंवा मोबाइल विकला गेला, तर त्यांचे काय होईल, हे त्याच्याही हाती उरत नाही. छापून होताच समोर उभे राहून फाइल दोन्हीकडून पुसून घ्यावी. पाठवलेला संदेश ‘सर्वांसाठी’ पुसण्याची सोय असते, तीही वापरावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जो ग्राहक शाखेत नोटा दोनदा मोजून घेतो, त्याला कोणी संशयी म्हणत नाही.

काही जण दुकानातील संगणकावर स्वतःचे व्हॉट्सअॅप किंवा ई-मेल उघडतात आणि ते तसेच उघडे ठेवून येतात. ई-मेल हे तर अनेक खात्यांचे मूळ. इतर ठिकाणचे विसरलेले पासवर्ड तेथूनच नव्याने मिळतात. मोबाइलमध्ये ‘जोडलेली उपकरणे’ असा पर्याय असतो. तो उघडून पाहिला, तर कोणकोणत्या संगणकांवर आपले खाते अद्याप चालू आहे, ते दिसते आणि घरबसल्या ते बंद करता येते.

ई-आधारविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवणे टाळावे आणि उतरवल्यास त्याच्या सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात, असे आधार प्राधिकरणाचे सांगणे आहे. त्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष यांचा बनलेला असतो. ज्या दुकानात त्याच माणसाचा जन्मदाखला किंवा पॅनही पडलेला आहे, तेथे त्या पासवर्डचे मोल किती, ते उघड आहे. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही, तेथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे झाकलेले आधार द्यावे.

तक्रारीचा पहिला तास आणि पहिले तीन दिवस

खात्यात अनोळखी व्यवहार दिसताच पहिले काम बँकेला कळवण्याचे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमांत याचा स्पष्ट हिशेब आहे. चूक ग्राहकाची नसून तिऱ्हाइताच्या कारवाईने व्यवहार झाला असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तो कळवला, तर ग्राहकावर काहीही भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास भार मर्यादित राहतो; सर्वसाधारण बचत खात्यासाठी ही मर्यादा १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये ठरवण्यात आली. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाने संमत केलेले धोरण लागू होते. मर्यादा वेळोवेळी बदलू शकतात, म्हणून शाखेत विचारून घ्याव्यात. ग्राहकाने स्वतःच तपशील दुसऱ्याला दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याला सोसावे लागते; कळवल्यानंतरचे नुकसान मात्र बँकेचे. जबाबदारी ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर टाकलेले आहे.

येथे एक बारीक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. परक्या संगणकावर स्वतः टंकलेला पासवर्ड कोणी चोरला, तर तो तिऱ्हाइताचा गुन्हा असे म्हणण्यास जागा राहते. ‘तुम्हीच भरा हो, मला इंग्रजी वाचता येत नाही,’ असे म्हणून दुकानदाराला पासवर्ड सांगितला, तर ती जागा फार अरुंद होते. वयोवृद्ध ग्राहकांकडून हे नेहमी घडते आणि त्यांच्या मुलांनी त्यांना रागे भरण्याऐवजी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून मोबाइलवरची रीत शिकवणे अधिक फलदायी ठरेल.

जबाबदारी कशी वाटली जाते, याचे एक उदाहरण पुण्यातीलच आहे. एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये परस्पर वळवले गेले. फसव्या ई-मेलला उत्तर दिले गेल्याने उद्योगाकडेही दोष येत होता; दुसरीकडे, ज्या खात्यांत रक्कम गेली, ती खाती उघडताना बँकेने पुरेशी पडताळणी केली नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा करण्याचे अधिकार असलेल्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये त्या बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास याच कायद्याच्या कलम ६६-क नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेबरोबरच राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर लगेच दूरध्वनी करावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात फार वेगाने फिरवली जाते. ती कुठेतरी गोठवण्याची संधी सुरुवातीच्या तासांतच अधिक असते. दूरध्वनी करताना व्यवहाराचा दिनांक, वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो कागदावर लिहून ठेवावा आणि त्याची प्रत शाखेत देऊन पोच घ्यावी. खाते गावाकडच्या शाखेत असले, तरी त्यासाठी गाडी पकडून तेथे जाण्याची गरज नाही. बँकेच्या ग्राहकसेवा क्रमांकावर किंवा दिल्लीतील जवळच्या शाखेतही तक्रार नोंदवता येते.